इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियन सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे दिग्दर्शकांची नावं पटापट येतात. आयझेन्स्टाइन, तार्कोव्स्की, कलातोझोव. नटांचं नाव मात्र क्वचितच कोणी घेतं. मी गेली कित्येक वर्षं ज्याला भेटेल त्याला या एका नटाचे चित्रपट पाहायला सांगतो. पाहून झाले की माणसं परत येतात आणि साधारण हेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

हा नट नेमका कोण?

इनोकेंती मिखाइलोविच स्मोक्तुनोव्स्की. जन्म २८ मार्च १९२५, सायबेरियातल्या तोम्स्कच्या बाजूला तात्यानोव्का नावाच्या खेड्यात. मृत्यू ३ ऑगस्ट १९९४, मॉस्कोजवळ. लेनिनग्राडच्या रंगभूमीवरचा प्रिन्स मिश्किन (दोस्तोयेव्स्कीच्या ‘इडियट’ कादंबरीचा नायक) आणि पडद्यावरचा हॅम्लेट या दोन भूमिकांनी तो विसाव्या शतकातल्या मोठ्या नटांत जाऊन बसला. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण निराळंच आहे. मऊ, हळू बोलणारा, दुसऱ्याचं मन लावून ऐकणारा माणूस नाटकाचा नायक होऊ शकतो, आणि ती मवाळी म्हणजे दुबळेपणा नव्हे, हे त्याने उभं करून दाखवलं.

नावाचा उच्चार कसा करायचा?

स्मोक्-तु-नोव्स्की, आणि जोर ‘नोव्’वर. घरचे आणि मित्र त्याला ‘केशा’ म्हणत. मूळ आडनाव स्मोक्तुनोविच. ते बदललं कसं, हे पुढे नोरील्स्कच्या भागात येईल.

लहानपण कसं गेलं?

हलाखीत. भावंडं बरीच, आणि सायबेरियातली ती वर्षं दुष्काळाची. इनोकेंती आणि त्याचा एक भाऊ क्रास्नोयार्स्कला आत्याकडे वाढले. आत्याला मूलबाळ नव्हतं. शाळेच्या नाट्यमंडळात चेखॉवची एक छोटी प्रहसनवजा नाटिका बसवली होती. रंगमंचावर गेल्यावर याला हसू आवरेना. प्रयोग बिघडला आणि मंडळातून त्याला काढून टाकलं. पुढे वैद्यकीय साहाय्यकाचं शिक्षण थोडं झालं, चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवण्याचं कामही शिकून झालं. नट व्हायचं ठरवून वाढलेला हा मुलगा नव्हे. वडील युद्धात गेले.

तो स्वतः युद्धात लढला होता का?

हो, आणि त्याच्या अभिनयाबद्दल बोलताना हा भाग वगळून चालत नाही.

१९४३ मध्ये त्याला सैन्यात घेतलं. पायदळाच्या अधिकारी प्रशिक्षणाला होता. तिथे कवायतीच्या वेळात शेतात मागे राहिलेले बटाटे गोळा केले म्हणून सगळ्यांसमोर त्याचे स्कंधपट्टे उतरवले आणि साधा शिपाई म्हणून आघाडीवर पाठवलं, असं त्यानेच पुढे सांगितलं. कुर्स्कच्या लढाईत तो होता, नीपर नदी ओलांडण्यातही होता. डिसेंबर १९४३ मध्ये युक्रेनमध्ये जर्मनांच्या हाती सापडला.

साधारण महिनाभर कैदेत काढल्यावर, कैद्यांचा तांडा दुसरीकडे नेत असताना तो निसटला. एका खेड्यातल्या बाईने त्याला दार उघडलं. पळालेल्या कैद्याला आसरा देणाऱ्या घराचं काय होतं हे तिला ठाऊक होतं. तरीही तिने त्याला ठेवून घेतलं, खाऊ घातलं, बरं केलं. या बाईबद्दल त्याने आपल्या आठवणींत फार ओलाव्याने लिहिलं आहे. तिथून तो गनिमी तुकडीत गेला, मग पुन्हा नियमित सैन्यात, आणि युद्ध संपलं तेव्हा जर्मनीत होता.

‘धैर्यासाठी’ हे पदक त्याला दोनदा मिळालं. त्यातलं एक तर जवळजवळ अर्धं शतक उलटल्यावर हाती आलं, मॉस्को आर्ट थिएटरच्या रंगमंचावर, प्रयोग संपल्यानंतर. तेव्हा तो अंगावर नाटकातले कपडे घालून उभा होता.

मग युद्ध संपल्यावर इतक्या दूर उत्तरेला, नोरील्स्कला, का गेला?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

स्तालिनच्या काळात शत्रूच्या हाती जिवंत सापडलेला सैनिक संशयित ठरे. निसटून आलास कसा? तुला का सोडलं? अशा अनेकांना जर्मन छावणीतून सुटल्यावर सोव्हिएत छावणीत जावं लागलं. जे बाहेर राहिले त्यांच्यावर कुठे राहावं, कुठे काम करावं याची बंधनं होती. क्रास्नोयार्स्कच्या नाट्यगृहाच्या शाळेत त्याने थोडे दिवस काढले, पण डोक्यावर टांगती तलवार होतीच. तेव्हा तो आपणहून नोरील्स्कला गेला. आर्क्टिक वर्तुळाच्या वर, निकेलच्या खाणींचं, कैद्यांनी बांधलेलं शहर. त्याचा हिशेब सरळ होता : जिथे लोकांना शिक्षा म्हणून पाठवतात तिथे आपणच जाऊन बसलो, तर याहून पुढे कुठे पाठवणार?

१९४६ ते १९५१ तो तिथल्या नाट्यगृहात होता. नटमंडळींत छावणीतून सुटलेले, हद्दपार केलेले बरेच होते. त्यांतला एक गेओर्गी झ्झोनोव, पुढे स्वतः गाजलेला चित्रपटनट. याच्यातलं पाणी त्याने ओळखलं आणि इथून बाहेर पड म्हणून पाठपुरावा केला. स्मोक्तुनोविचचा स्मोक्तुनोव्स्कीही तिथेच झाला.

उजेड नाही, भाजीपाला नाही. जीवनसत्त्वांच्या अभावाने तब्येत ढासळली, तेव्हा त्याने उत्तर सोडली. पण हे लक्षात ठेवा की नाट्यशास्त्राचं रीतसर प्रशिक्षण त्याच्याकडे जवळपास नव्हतं. जे शिकला ते या गावात, ज्यांचं सगळं हिरावून घेतलं होतं अशा माणसांबरोबर रोज संध्याकाळी उभं राहून.

पुढे लगेच नाव झालं का?

नाही. आधी कास्पियन समुद्राकाठचं माखाच्काला, मग स्तालिनग्राड. १९५५ मध्ये नोकरी सोडून मॉस्कोत आला तेव्हा तिशी गाठली होती. एकामागून एक नाट्यगृहांनी नकार दिला. अंगात स्कीइंगचा जाड पोशाख, कारण दुसरे धड कपडे नव्हते, आणि काही रात्री जिन्याखाली काढलेल्या. अखेर लेनिन कोम्सोमोल थिएटरमध्ये तात्पुरतं काम मिळालं. तिथे वेशभूषा विभागात काम करणाऱ्या शुलामीफ कुश्नीरशी ओळख झाली. पुढे तिच्याशीच लग्न केलं आणि शेवटपर्यंत ती सोबत राहिली. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी.

प्रिन्स मिश्किनची भूमिका एवढी का गाजली?

१९५६ मध्ये ‘सोल्दाती’, म्हणजे ‘सैनिक’, हा चित्रपट आला. स्तालिनग्राडच्या खंदकांवरचा. त्यात त्याने फार्बर नावाचा, लष्करी गणवेशात अवघडलेला, गणितात रमणारा अधिकारी केला. लेनिनग्राडच्या बोल्शोई ड्रामा थिएटरचा प्रमुख गेओर्गी तोव्स्तोनोगोव तेव्हा दोस्तोयेव्स्कीच्या ‘इडियट’चं नाट्यरूप बसवत होता. मिश्किनसाठी आधी दुसराच नट होता. तो बाजूला झाल्यावर तोव्स्तोनोगोवला फार्बरचे डोळे आठवले.

तालमी मात्र भयंकर कठीण गेल्या. भूमिका सापडेना. बरोबरचे नटही कुरकुरू लागले की हा पुटपुटतो काय, याचं ऐकून आम्ही पुढचं वाक्य कसं घ्यायचं? मग एके दिवशी लेनफिल्म स्टुडिओच्या गर्दीत त्याला एक माणूस दिसला. केस बारीक कापलेले, आजूबाजूला धावपळ चाललेली आणि हा उभ्या उभ्या पुस्तक वाचतोय, जणू भोवतीचं जग त्याला लागतच नाही. चौकशी केल्यावर कळलं की त्याने अनेक वर्षं छावणीत काढली आहेत. स्मोक्तुनोव्स्की सांगत असे की त्या क्षणी मिश्किन मिळाला. ती मान, ते उभं राहणं, ती शांतता.

३१ डिसेंबर १९५७ ला पहिला प्रयोग झाला. मिश्किनचा प्रतिस्पर्धी रोगोझिन येव्गेनी लेबेदेवने केला होता. लोक दुसऱ्या शहरांतून गाडी पकडून यायचे. का, याचं उत्तर तारखेतच आहे. स्तालिन जाऊन पाच वर्षंही झाली नव्हती, छावण्यांतून माणसं घरी परतत होती, प्रत्येक घरात न बोललेलं काहीतरी होतं. अशा प्रेक्षकांसमोर एक माणूस येतो, समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि संशय घेत नाही. नोरील्स्कमध्ये पाहिलेलं त्याने इथे ओतलं असं मला वाटतं. छावणीवर एक शब्दही न बोलता ते नाटक छावणीबद्दल होतं.

एवढं यश मिळालेलं नाट्यगृह त्याने का सोडलं?

चित्रपटांमुळे. शूटिंगसाठी मोकळीक हवी होती, ती मिळेना. १९६० मध्ये तो बाहेर पडला. १९६६ मध्ये इंग्लंड-फ्रान्सच्या दौऱ्यासाठी ‘इडियट’ पुन्हा उभं केलं तेव्हा तेवढ्यापुरता परतला. परदेशी प्रेक्षकांनी त्याचा मिश्किन पाहिला तो तेव्हा.

‘हॅम्लेट’बद्दल सांगा. इतक्या हॅम्लेटांत याचं वेगळेपण काय?

१९६४. दिग्दर्शक ग्रिगोरी कोझिन्त्सेव, भाषांतर बोरिस पास्तरनाकचं, संगीत शोस्ताकोविचचं. कृष्णधवल, रुंद पडदा, साधारण एकशेचाळीस मिनिटं. ऑफेलिया अनास्तासिया वेर्तिन्स्काया. बाल्टिकच्या किनाऱ्यावरचा दगड, आग, लोखंडी फाटक आणि सतत वाजणारा समुद्र.

आपल्याकडे हॅम्लेटची ओळख जुनी. आगरकरांनी १८८३ मध्येच ‘विकारविलसित’ या नावाने त्याला मराठीत आणलं. मराठी रसिकाच्या मनात हॅम्लेट म्हटलं की चलबिचल, निर्णय न घेणारा, स्वगतांत हरवलेला राजपुत्र उभा राहतो. या चित्रपटात तो सापडत नाही. हा हॅम्लेट गोंधळलेला नाहीच. काय घडलंय हे त्याला कळलेलं आहे. अडचण ही की सगळा महाल कान देऊन उभा आहे. एका प्रसंगात दरबारातली माणसं इकडून तिकडे वाहताहेत, त्यांच्यातून तो चालतोय, ओठ बंद आहेत आणि आतला आवाज तेवढा आपल्याला ऐकू येतो. ज्या देशात मनातलं मनातच ठेवायची सवय लागली होती, तिथल्या प्रेक्षकाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

‘असावं की नसावं’ हे सुप्रसिद्ध स्वगत इथे खडकाळ किनाऱ्यावर, पाठमोऱ्या चालीत, फारसा गाजावाजा न करता येतं. कोझिन्त्सेवला त्याहून महत्त्वाचा वाटत होता तो बासरीचा प्रसंग. राजाचे हेर बनलेले जुने मित्र हॅम्लेटच्या मनातलं काढून घ्यायला येतात. तो बासरी पुढे करतो : वाजव. येत नाही म्हणतोस? मग माझ्यावर वाजवता येईल असं तुला वाटलंच कसं? स्मोक्तुनोव्स्की इथे आवाज चढवत नाही. अगदी थोडंसं खाली झुकतो, नजर स्थिर ठेवतो, आणि समोरच्या माणसाला उभ्या जागी लहान करून टाकतो. मी हा प्रसंग किती वेळा पाहिला याची गणती नाही. दर वेळी त्या माणसाच्या मागे नोरील्स्कचा बर्फ दिसतो.

नट आणि दिग्दर्शक यांचं चित्रीकरणात सतत जमत होतं असं नाही, खटके उडत. पण व्हेनिसला चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, १९६५ मध्ये दोघांनाही लेनिन पुरस्कार मिळाला, आणि ब्रिटिश अकादमीच्या पुरस्कारांत परदेशी नट म्हणून त्याला नामांकन मिळालं. शेक्सपिअरच्या देशातून, रशियन बोलणाऱ्या हॅम्लेटला.

तो फक्त गंभीर भूमिकाच करायचा का?

मुळीच नाही. १९६६ चा ‘बेरेगीस अव्तोमोबील्या’ पाहा, इंग्रजीत तो ‘बीवेअर ऑफ द कार’ या नावाने सापडतो. एल्दार र्‍याझानोवचा. युरी देतोच्किन हा विमा एजंट लाचखाऊ आणि काळाबाजारवाल्यांच्या गाड्या चोरतो, विकतो, आणि पैसे अनाथालयांना पाठवतो. स्वतःच्या खर्चाचा हिशेबही प्रामाणिकपणे ठेवतो. त्याचा माग काढणारा पोलीस तपास अधिकारी आणि तो, दोघं एकाच हौशी नाट्यमंडळात आहेत. मंडळ कोणतं नाटक बसवतंय? ‘हॅम्लेट’. आणि हॅम्लेट कोण? देतोच्किन. दोनच वर्षांपूर्वी जगभर गाजलेला हॅम्लेट इथे एका भाबड्या गाडीचोराच्या अंगावर दिसतो, आणि तरीही त्या भूमिकेची थट्टा होत नाही.

आजारपणामुळे त्याने हे काम नाकारलं होतं. र्‍याझानोव त्याच्या मुक्कामी जाऊन त्याला राजी करून आला. बरं झालं गेला. तपास अधिकाऱ्याचं काम ओलेग येफ्रेमोवने केलं होतं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

‘एका वर्षातले नऊ दिवस’ या मिखाइल रोमच्या १९६२ च्या चित्रपटातला कुलिकोवही हलका, तिरकस बोलणारा आहे. अणुशास्त्रज्ञांची गोष्ट आहे, समोर अलेक्सेई बातालोव. वरवर मस्करी करणारा माणूस आत किती विचार करतोय, हे तो बोलता बोलता मधल्या विरामांत दाखवतो.

त्याने मोत्सार्ट केला की सालिएरी?

दोन्ही. मोत्सार्टचा मत्सर करणाऱ्या संगीतकार सालिएरीची पुश्किनने छोटी शोकांतिका लिहिली आहे. तिच्यावरच्या १९६२ च्या संगीतपटात तो मोत्सार्ट होता, गाण्याचा आवाज मात्र प्रसिद्ध गायक लेमेशेवचा. १९७९ मध्ये मिखाइल श्वेइत्सरने पुश्किनच्या अशा छोट्या शोकांतिका दूरचित्रवाणीसाठी केल्या तेव्हा तो सालिएरी झाला. पंचविशीतल्या मत्सराची गोष्ट नाही ही. आयुष्यभर घाम गाळून कला कमावलेल्या माणसाला समोर जन्मजात देणगी दिसते आणि तो मोडतो. त्याचा सालिएरी रडतो तेव्हा त्याच्याविषयी तिरस्कार वाटत नाही, हे मला सर्वांत अस्वस्थ करतं.

इतर महत्त्वाच्या भूमिका?

१९७० च्या आसपास एकाच वेळी तीन मोठी कामं आली. ‘चायकोव्स्की’मध्ये संगीतकाराची भूमिका, ज्यासाठी सान सेबास्तिआनला अभिनयाचं पारितोषिक. कोंचालोव्स्कीच्या ‘अंकल वान्या’त (चेखॉवच्या नाटकावरचा) वोइनित्स्की, म्हणजे खुद्द वान्या. आणि कुलिजानोवच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’त पोर्फिरी पेत्रोविच, हा तपास करणारा अधिकारी. पोर्फिरी आवर्जून पाहा. मिश्किनमध्ये जे ऐकणं माणसाला मोकळं करतं, तेच ऐकणं इथे फासासारखं आवळत जातं. हत्यार एकच, वापर उलटा.

तार्कोव्स्कीच्या ‘आरसा’मध्ये तो आहे असं वाचलं, पण दिसला नाही.

दिसणार नाही. १९७५ च्या त्या चित्रपटात निवेदकाचा, म्हणजे पडद्यावर चेहरा न दाखवणाऱ्या नायकाचा, आवाज त्याचा आहे. कविता म्हणणारा आवाज मात्र दुसरा. तो दिग्दर्शकाच्या वडिलांचा, कवी आर्सेनी तार्कोव्स्कींचा. या दोन आवाजांत बऱ्याच जणांची गल्लत होते.

रंगभूमीवर पुन्हा आला का?

हो. १९७३ मध्ये मॉस्कोच्या माली थिएटरमध्ये ‘त्सार फ्योदोर इओआनोविच’. क्रूरकर्मा इव्हानचा हळवा मुलगा, सगळ्यांशी समेट करायला निघालेला आणि त्यातच सगळं गमावून बसणारा राजा. मिश्किनचाच सख्खा भाऊ म्हणा, फक्त याच्या डोक्यावर मुकुट आहे, त्यामुळे याच्या चांगुलपणाची किंमत इतरांना मोजावी लागते.

१९७६ मध्ये ओलेग येफ्रेमोवने, होय, चित्रपटातल्या त्याच तपास अधिकाऱ्याने, त्याला मॉस्को आर्ट थिएटरमध्ये घेतलं. सुरुवात चेखॉवच्या ‘इवानोव’ने. मग ‘सीगल’मधला डॉक्टर दोर्न, रंगमंचावरचा वान्या, आणि लेव दोदिनने बसवलेल्या ‘गोलोव्ल्योव कुटुंब’मधला युदुश्का, गोड बोलत घर पोखरणारा ढोंगी. १९८७ मध्ये आर्ट थिएटर फुटून दोन झालं तेव्हा तो येफ्रेमोवसोबत राहिला. १९९२ मध्ये दोघं पुन्हा समोरासमोर उभे राहिले. कधीही न झालेल्या भेटीवरचं नाटक, त्यात येफ्रेमोव हेंडेल आणि हा बाख.

सरकारदरबारी त्याचं स्थान काय होतं?

मोठं. १९७४ मध्ये सोव्हिएत संघाचा ‘लोककलाकार’, १९९० मध्ये ‘समाजवादी श्रमवीर’. एका चित्रपटात त्याने लेनिनचीही भूमिका केली. ज्याला एकेकाळी युद्धकैदी म्हणून दडून राहावं लागलं, त्यालाच राज्याने पुढे आपला मानबिंदू केलं. पहिली गोष्ट तो जाहीरपणे फारशी बोलत नसे. सविस्तर लिहिलं ते उतारवयात.

अखेर कशी झाली?

हृदयविकार होता. मॉस्कोजवळच्या आरोग्यधामात असताना वयाच्या ६९ व्या वर्षी गेला. दफन नोवोदेविची स्मशानभूमीत. ४९२६ क्रमांकाच्या लघुग्रहाला त्याचं नाव दिलेलं आहे.

पहिल्यांदा पाहणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

देतोच्किनपासून. मॉसफिल्मने आपले बरेच जुने चित्रपट यूट्यूबवर इंग्रजी उपशीर्षकांसह ठेवलेले आहेत, त्यांत शोधा. त्यानंतर ‘हॅम्लेट’, शक्य असेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर आणि चांगल्या स्पीकरवर, कारण शोस्ताकोविच मोबाइलच्या आवाजात मावत नाही. मग पोर्फिरी, मग सालिएरी. एक विनंती : हिंदी-इंग्रजी डबिंग मिळालं तरी घेऊ नका. शब्द कळले नाहीत तरी चालेल, उपशीर्षकं आहेत. तो आवाज ऐका. वाक्याच्या शेवटी तो किंचित वर जातो, जणू समोरच्याला विचारतोय, आणि मग खरोखर उत्तराची वाट पाहत थांबतो.